अकोल्याचा लाट्वियन

यादवराव इंगळे लाट्वियन झाले ते स्वतःच्या हट्टापायी. ताहिरचा दोष त्यात फार तर चार आणे. उरलेले बारा आणे यादवरावांचेच, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायलाही कुणी भिण्याचं कारण नाही.

कंपनी रस्ते करणारी. बहरीनमध्ये निम्मे रस्ते कुणीतरी खोदत असतो आणि निम्मे कुणीतरी बुजवत असतो. यादवराव बुजवणाऱ्यांतले सुपरवायझर. सित्र्याला कंपनीचं यार्ड, हूऱ्यात लाँड्रीच्या वर भाड्याचा फ्लॅट, आणि ह्या दोहोंमध्ये धावणारी कंपनीची पांढरी पिकअप, एवढं त्यांचं जग. गाव अकोला जिल्ह्यात, बाळापूरकडं. बहरीनमध्ये इतकी वर्षं काढली तरी बोलणं तसूभर बदललं नव्हतं.

मग युरोपातल्या कुठल्याशा लोकांनी कंपनी विकत घेतली आणि नवी कॉम्प्युटर सिस्टीम आली. एकेकाला ऑफिसात बोलावून माहिती भरणं सुरू झालं. भरणारा ताहिर पारकर, रत्नागिरीचा, स्वभावानं गार. नाव झालं, पासपोर्ट झाला, रक्तगट झाला, आणि गाडी येऊन थांबली मातृभाषेवर.

"हिंदी टाकतो," ताहिर म्हणाला.

"कायले?"

"यादीत मराठी नाहीच. आपले सगळे हिंदीत गेलेत. मीसुद्धा."

"तू जा. मी नाई जात. माही माय हिंदी बोलत नव्हती."

"अहो यादवराव, नुसता रकाना भरायचाय. कोण बघणार आहे?"

"मी पाहीन ना! हिंदी सोडून काहीबी टाक. हिंदी नको म्हणजे नको."

रागात माणूस बोलून जातो. पण ताहिरच्या दारात रांग लागली होती, एसी बंद पडला होता आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यानं माउस खाली ओढला, मराठीच्या जागी मलाय दिसली, वैतागून जरा वर सरकला आणि जे निळं झालं होतं ते दाबलं. "झालं. नंतर बदलू, इंशाल्ला." यादवराव जिंकल्याच्या ऐटीत बाहेर पडले. काय टाकलं हे त्यांनी विचारलं नाही आणि ताहिरनं सांगितलं नाही.

उन्हाळा सरता सरता नवा नियम आला. साहेबलोकांचं म्हणणं असं की संकटात माणूस मातृभाषेतच विचार करतो. म्हणून साइटवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं रस्त्यासंबंधीचे पन्नासेक इंग्रजी शब्द आपापल्या मातृभाषेत सांगून दाखवायचे. पास झाला तर साइटचं परमिट. परमिट असेल तर व्हिसा पुढे. नसेल तर खलास, सामान बांधा.

यादवरावांना हसू आलं. "मराठीत? पन्नास कायले, पाचशे विचारा!"

ताहिर हसला नाही. त्यानं दार लावून घेतलं, चहा मागवला आणि मग हळूच कागद पुढे केला. डावीकडं इंग्रजी होतं. उजवीकडं जे होतं त्यातल्या अक्षरांवर टोप्या होत्या, खाली शेपट्या होत्या.

"हे काय होय?"

"लाट्वियन."

"ते काय असते?"

"तुमची मातृभाषा," ताहिर म्हणाला आणि चहाचा पेला त्यांच्याकडं सरकवला.

पुढचा अर्धा तास यादवरावांनी ताहिरचा जो उद्धार केला तो त्यांच्या मातृभाषेतच होता. ताहिरनं सगळं ऐकून घेतलं. मग समजावलं की नोंद बदलता येते, पण अर्ज युरोपात जातो, महिनोन्‌महिने फिरतो, आणि तोवर माणसाची फाइल बंद राहते. फाइल बंद म्हणजे व्हिसाही बंद. आणि व्हिसा संपत होता जानेवारीत.

जानेवारी म्हटल्यावर यादवरावांना पोरगी आठवली. त्यांची श्रावस्ती बारावीला होती. फेब्रुवारीत तिची बोर्डाची परीक्षा. ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरीला वह्या-पुस्तकांसकट विमानात बसवून अकोल्याला न्यायचं? तिथं तिला कोणती शाळा उभं करणार? वर्ष बुडालं असतं पोरीचं. वर्ष बुडणं म्हणजे काय ते यादवरावांना ठाऊक होतं. त्यांचं स्वतःचं बुडालं होतं, आणि मग कायमचंच बुडालं होतं.

"आण तो कागद इकडं," ते म्हणाले.

तर अशा रीतीनं हूऱ्याच्या त्या फ्लॅटमध्ये लाट्वियन शिरली. श्रावस्ती आईबापांचं मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. तिनं मोबाइलवर उच्चार लावून दिले. "पप्पा, रिपीट. क्रुस्तोयुम्स." चौक. "लुक्सोफोर्स." सिग्नल. "तिल्त्स." पूल. "बेद्रे." खड्डा. पोरीला भारी मजा येत होती. बाप रात्रंदिवस तिला अभ्यासाला बसवायचा, आता ती बापाला बसवत होती.

पाठ होईना म्हणून बायकोनं, सरितानं, युक्ती काढली. घरालाच तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या. स्वयंपाकघर, मोरी आणि बेडरूम जिथं एकत्र येतात तो क्रुस्तोयुम्स. बाल्कनी म्हणजे स्त्रुप्त्सेल्श, पुढं रस्ता नाही. सकाळी तिघंही एकदम बाथरूमपुढं आले की सास्त्रेगुम्स, म्हणजे वाहतुकीची कोंडी.

"अहो, सास्त्रेगुम्स करू नका ना बाप्पा! पोरीची बस जाऊन राहिली!" सरिता ओरडायची. आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, ही गंमत.

यार्डातही ते शब्द पसरले. रोज कामाआधी पोरांना गोळा करून सुरक्षेच्या चार गोष्टी सांगायची पद्धत असते. यादवराव तिथं सराव करायचे. स्पीड ब्रेकरला तिकडचे लोक बोलीत झोपलेला पोलीस म्हणतात, गुल्योशाइस पोलित्सिस्त्स, हे कळल्यावर बंगाली, मल्याळी, पठाण सगळे खूश झाले. तेव्हापासून यार्डात कुणी डुलकी काढताना सापडला की त्याला त्याच नावानं हाक बसायची.

ऑक्टोबरात परीक्षा झाली. पडद्यावर रीगा शहरातल्या इल्झे नावाच्या बाई आल्या. पिकलेले केस, जाड स्वेटर. यादवरावांनी सगळे शब्द धडाधड सांगितले, एकही चुकला नाही. बाईंनी चष्मा पुसला. मग इंग्रजीत विचारलं, "तुम्ही लाट्वियात कुठले?"

यादवरावांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा जुनाच आजार. "अकोला," ते म्हणाले.

बाईंनी जरा विचार केला. "पूर्वेकडं आहे का?"

"बरंच पूर्वेकडं."

"वाटलंच. तिकडचे उच्चार असेच जड असतात," बाई म्हणाल्या. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि "लाइमीगु त्सेल्यु," म्हणजे प्रवास सुखाचा होवो, असं म्हणून पडदा बंद केला.

घरी सरितानं गोड केलं. इथंच थांबले असते तर सगळं सुरळीत होतं. नुसता व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत तोंड बंद ठेवायचं होतं. पण यादवराव आणि तोंड बंद!

नोव्हेंबरात दोन गोष्टी घडल्या. पहिली यार्डात. ड्रायव्हर शिवदास रोलर मागं घेत होता आणि मागं गटाराचं झाकण उघडं. यादवरावांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडून जी आरोळी निघाली ती "बेद्रे! बेद्रे!" अशी निघाली. शिवदासनं ब्रेक मारला. चाक गटाराच्या काठावर थांबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि यादवराव मात्र स्वतःच्याच तोंडाकडं संशयानं पाहत उभे राहिले. त्यांना खड्डा म्हणायचं होतं.

दुसरी गोष्ट झल्लाकला, समुद्रकाठी. कंपनीनं तिथल्या रिसॉर्टमध्ये जेवण ठेवलं होतं आणि नेमका लाट्वियाचा राष्ट्रीय दिन त्याच आठवड्यात आलेला. यादवरावांच्या टेबलावर छोटा झेंडा लावला होता. मोठे साहेब उठले, त्यांनी रोलरची हकिगत सगळ्यांना रंगवून सांगितली. "पाहिलंत? संकटात मातृभाषाच आली तोंडावर! मिस्टर इंगळे, आईनं शिकवलेले शब्द माणूस विसरत नाही. तुमच्या आईला माझा सलाम."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. यादवरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

त्यांच्या आईनं दुष्काळात बाळापूरकडच्या रस्त्यावर गिट्टी फोडली होती. उन्हात बसून, हाताला चिंध्या गुंडाळून. लहानगा यादव शेजारी नसलेल्या सावलीत बसायचा आणि ती हातोड्याच्या तालावर त्याला पाढे म्हणायला लावायची. तिला स्वतःला पाढे येत नव्हते. चुकलं तरी तिला कळणार नाही हे पोराला माहीत होतं, तरी तो चुकायचा नाही. आणि त्या बाईचे शब्द म्हणे रीगाचे!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताहिरच्या टेबलापुढं उभे होते. "बदल."

"यादवराव, व्हिसा हातात येऊ द्या. दीड-दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

"बदल म्हणतो ना! मराठी टाक."

"मराठी यादीत नाही."

"मंग यादीत टाकायले सांग!"

ताहिरनं कपाळाला हात लावला आणि अर्ज पाठवला. महिनोन्‌महिने लागतील हीच त्याची आशा होती. पण नशीब कसं असतं पाहा. युरोपात कोणीतरी त्या दिवशी नको तितकं कामसू निघालं. आठवड्याभरात यादीत मराठी आली, यादवराव मराठी झाले आणि त्यांची लाट्वियन परीक्षा बाजूला ठेवली गेली. नवी भाषा, नवी परीक्षा.

घरी हे कळल्यावर सरितानं लाटणं खाली ठेवलं. "तुमाले कोनं सांगतलं होतं? पोरीची परीक्षा डोक्यावर आन् तुमाले भाषा सुचून राहिली?"

"अवं, मराठीची परीक्षा हाय! मराठीची! त्याले काय अभ्यास लागते?"

आणि त्यांनी अभ्यास केला नाही.

पडद्यावर आल्या त्या पुण्याच्या स्मिता मॅडम. वागायला गोड, हातात कुठल्याशा सरकारी खात्याची यादी.

"काका, सुरू करू या? स्पीड ब्रेकर."

"स्पीड ब्रेकर," यादवराव म्हणाले.

"हो. मराठीत?"

"मराठीतच सांगून राहिलो ना."

मॅडमनी खाली काहीतरी खूण केली. "बरं. साइडवॉक?"

"फुटपाथ."

"ट्रॅफिक लाइट?"

"सिग्नल."

"बायपास?"

यादवरावांनी आजूबाजूला पाहिलं. बायपासला बायपास नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? अकोल्याच्या बायपासवर त्यांनी पहिली नोकरी केली होती. तिथं कुणीच त्याला दुसरं काही म्हणत नव्हतं. बसवाला नाही, इंजिनिअर नाही, चहावाला नाही. पूल त्यांना आला, बोगदा आला, खड्डा आला. मग मॅडम म्हणाल्या, "पेडेस्ट्रियन क्रॉसिंग," आणि यादवरावांना दरदरून घाम फुटला. संकट आलं आणि संकटात तोंडावर जे यायचं ते आलं.

"गायेयु पारेया."

मॅडम थांबल्या. "हे वऱ्हाडी आहे का काका?"

मॅडमनी मायेनं एकेक उत्तर वाचून दाखवलं. गतिरोधक. पदपथ. वाहतूक दिवा. बाह्यवळण रस्ता. पादचारी मार्ग. दुभाजक. यादवराव ऐकत राहिले. ऐकलेले होते हो, पाट्यांवर वाचलेलेही होते. पण त्यातला एकही शब्द कधी कुणी त्यांना हाक मारून सांगितला नव्हता.

"मॅडम," शेवटी त्यांनी विचारलं, "पांदण हाय का तुमच्या यादीत?"

"पांदण म्हणजे?"

"वावराकडं जायची वाट असते ते. गिट्टी? मुरूम?"

"नाही हो काका. ही शहरी वाहतुकीची यादी आहे."

निकाल दुपारीच आला. नापास. खाली शेरा होता: उमेदवाराचं मराठी प्राथमिक पातळीवरचं असून बोलण्यावर परकीय भाषेचा प्रभाव जाणवतो.

ताहिरनं तो वाचून दाखवला तेव्हा हसायचं की रडायचं हे दोघांनाही कळेना. मराठीची फेरपरीक्षा तीन महिन्यांनी होती, आणि व्हिसा जानेवारीतच संपत होता. एकच वाट उरली होती. लाट्वियनचे गुण अजून सिस्टीममध्ये होते. मराठीची नोंद चुकून झाली, असं लिहून दिलं की सगळं पूर्ववत होणार होतं.

"चुकून?" यादवराव म्हणाले.

"दुसरं कारण यादीत नाही," ताहिर म्हणाला. "सही करा. बोटानं, ह्या काचेवर."

मराठी ही माझी मातृभाषा नाही, असं त्या काचेवर इंग्रजीत लिहिलं होतं. यादवरावांनी खाली बोटानं सही केली. यादवराव सखाराम इंगळे. सही त्यांना मराठीतच येत होती. सिस्टीमनं ती बिनतक्रार घेतली.

जानेवारीत व्हिसाचा शिक्का बसला. फेब्रुवारीत श्रावस्ती परीक्षेला बसली. ह्याला म्हणतात सुटका.

पण मराठी आता यादीत आली होती ना! हिंदीत सुखानं बसलेली महाराष्ट्रातली सगळी माणसं सिस्टीमनं पासपोर्टावरून हुडकून काढली आणि एका फटक्यात मराठीत टाकली. हिंदीचा परीक्षक भला माणूस होता, त्यानं सिग्नलला सिग्नल चालवून घेतलं होतं. आता त्या सगळ्यांपुढं पुण्याच्या मॅडम आणि त्यांची यादी उभी राहिली. तिघे गेले, तिघेही नापास झाले. यार्डात हाहाकार उडाला. हिंदीत परत जायची सोय नव्हती, ती नोंद खोटी ठरली होती.

मार्चमधल्या एका शुक्रवारी, हूऱ्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाल्यावर रावजी यादवरावांच्या जवळ सरकले. रावजी म्हणजे क्रेनवाले, यवतमाळचे, वयानं सगळ्यांत मोठे. "यादवराव, ते तुह्यं लाट्वियन कितीक दिवसात येते?"

त्या दिवसापासून दर शुक्रवारी यादवरावांच्या बैठकीत वर्ग भरू लागला. रत्नागिरीचे, रायगडचे, वऱ्हाडातले, खानदेशातले, सगळे मांडी घालून बसायचे. ताहिरही यायचा, कारण साइटवर गाडी त्यालाही न्यावी लागायची आणि तोही नापास झाला होता. श्रावस्ती मोबाइल घेऊन पुढं उभी राहायची. "क्रुस्तोयुम्स!" ती म्हणायची, आणि दहा-बारा बाप्ये एका सुरात "क्रुस्तोयुम्स!" म्हणून ओरडायचे. खालचा लाँड्रीवाला आधी घाबरला, मग त्याला पाठ झालं. मराठीची नोंद चुकून झाली म्हणून एकेकानं काचेवर सही केली, आणि इल्झेबाईंनी सगळ्यांना पास केलं. पूर्वेकडच्या जड उच्चारांची ही मंडळी त्यांना फार आवडली. युरोपातून अभिनंदनाचं पत्र आलं, बहरीनमधल्या वाढत्या लाट्वियन समाजाला शुभेच्छा म्हणून काळ्या पावाचं खोकं आलं. पाव आंबूस आणि कडक होता. ठेच्याबरोबर बरा लागला.

मेच्या सुरुवातीला यादवराव ताहिरकडं रजेच्या कामानं गेले. श्रावस्तीची परीक्षा संपली होती, पेपर चांगले गेले होते, मनावरचा दगड उतरला होता. ताहिर हसत म्हणाला, "गंमत बघा," आणि त्यानं पडदा त्यांच्याकडं वळवला. कंपनीतल्या भाषा आणि प्रत्येकीपुढं माणसांचा आकडा. मल्याळम भरपूर. बंगाली भरपूर. उर्दू, तमिळ, नेपाळी. लाट्वियनपुढं तर चांगला दोन अंकी आकडा.

खाली एका ओळीत मराठी होती. तिच्यापुढं शून्य होतं.

यादवरावांचं हसू तिथंच थांबलं. ही ओळ त्यांनीच भांडून आणली होती. आणली, आणि सगळ्यांत आधी तिच्यातून तेच उठून गेले.

"पुसून टाकतील आता," ताहिर म्हणाला. "वर्षअखेरीला रिकाम्या भाषा काढून टाकतात. बरंच आहे, कटकट मिटेल."

यादवराव खुर्ची ओढून बसले. "ताहिरभाई, माहं नाव टाक तिथं."

"वेड लागलंय का तुम्हाला? लाट्वियन जाईल. मराठीत परत नापास व्हाल. पिकअप जाईल, स्टोअरमध्ये बसवतील नटबोल्ट मोजायला."

"पोरगी बारावी झाली. व्हिसा हाय. आता बसवू दे स्टोअरमंदी."

"अहो पण नापास व्हाल!"

"होईन ना," यादवराव म्हणाले. "शून्याच्या जागी एक नापास तरी राहील. टाक."

ताहिरनं त्यांच्याकडं पाहिलं. यादीतली भाषा बदलायला आता युरोपात अर्ज लागत नव्हता; त्यानं माउस ओढला. लाट्वियनच्या ओळीतला एक कमी झाला आणि मराठीपुढं एक आकडा उमटला. मग त्यानं दार लावून घेतलं, स्वतःची फाइल उघडली आणि पुन्हा माउस ओढला.

त्या दिवशी यादवराव घरी पोचले तेव्हा श्रावस्ती स्टुलावर चढून भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढत होती. तिला फोनवर त्यांनीच सांगून ठेवलं होतं. बाथरूमपुढची सास्त्रेगुम्सची चिठ्ठी गेली आणि तिथं तिनं नवी लावली. अक्षर वाकडंतिकडं होतं, सात-आठ वर्षांनी मराठी लिहीत होती पोरगी.

"पप्पा, रिपीट," ती म्हणाली. "वाहतूक कोंडी."

यादवरावांनी म्हणून दाखवलं. पहिल्यांदा तोंडून सास्त्रेगुम्सच निघालं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं.